जबल अखदरचा घाट आणि भाईंची जुनी गाडी

मुंबईहून विमान सुटलं की अडीच-तीन तासांत मस्कत येतं. आमच्या चिपळूणहून मुंबईला पोहोचायलाच याहून जास्त वेळ लागतो. कोकणातल्या आमच्या कितीतरी घरांतली माणसं वर्षानुवर्षं ही वाट तुडवत आली आहेत. माझे थोरले भाई त्यांपैकीच एक. ३१ वर्षं त्यांनी ओमानमध्ये काढली. मी मात्र एसटीच्या डेपोत २८ वर्षं बसगाड्यांखाली झोपून काढली आणि निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा पासपोर्ट केला. भाई कायमचे गावी परतणार होते. "मी आवराआवर करायच्या आत एकदा येऊन जा," असं त्यांनी फोनवर सांगितलं आणि एप्रिलच्या सुरुवातीला मी मस्कतला उतरलो.

मस्कतमध्ये पहिली नजर जाते ती डोंगरांवर. सह्याद्री पाहत वाढलेल्या माणसाला डोंगर म्हणजे पावसात हिरवा आणि उन्हात पिवळ्या गवताचा, एवढंच ठाऊक. इथले डोंगर उघडे, तपकिरी, कुणीतरी तासून ठेवल्यासारखे. त्यांच्या कुशीत पांढऱ्या, बुटक्या इमारती. भाईंचं घर वादी कबीर भागात, रुवीला लागून. आपल्याकडची माणसं, आपल्याकडची हॉटेलं, गल्लीगल्लीत स्पेअरपार्टची दुकानं आणि गॅरेजं. सकाळी खाली उतरलो की ऑइलचा आणि चहाचा वास एकत्र येई. मला तर डेपोतच आल्यासारखं वाटलं.

भाईंची एकच इच्छा होती. "जाण्याआधी एकदा जबल अखदरला जायचंय. आता गुलाबाचे दिवस आहेत. तुझ्या भाभीलाही वर जायचंय."

"मग अडचण काय?"

भाईंनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. आवारात त्यांची गाडी उभी होती. फोर-व्हील ड्राइव्ह, जपानी बनावटीची, ऑटोमॅटिक गिअरची. मीटरवर ३,४२,००० किलोमीटर.

गाडीचा आजार

गाडीची तक्रार अशी होती. सकाळी इंजिन चालू करून गिअरचा दांडा 'डी'वर आणला की गाडी लगेच ओढ घेत नाही, थोडी थांबते, मग 'धप्' असा आवाज होतो आणि ओढ लागते. आणि मोठ्या रस्त्यावर ७० च्या वेगाला पोहोचली की क्षण-दोन क्षण थरथरते. एका गॅरेजवाल्याने गाडी एक चक्कर मारून आणली होती आणि जाहीर केलं होतं की गिअरबॉक्स संपला, ६०० रियाल तयार ठेवा.

त्यात आणखी एक गोष्ट होती. गाडीचा सौदा झाला होता. खेडकडचा एक तरुण, नुकतंच बायको आणि लहान मूल घेऊन आलेला, १,४०० रियालला गाडी घ्यायला तयार होता. भाईंच्या शब्दावर त्याने गाडी नीट तपासलीही नव्हती. त्या पैशांतून भाईंना सामान गावी पाठवायचं होतं आणि गावच्या घराचं उरलेलं काम पुरं करायचं होतं.

"तू मेकॅनिक आहेस. तूच बघ," भाई म्हणाले.

मी हात वर केले. माझी सगळी हयात क्लच आणि साध्या गिअरमध्ये गेली. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडलच नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवावेत, एक फिरला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरावा, तसं काम. फक्त वाऱ्याच्या जागी तेल. पुढे गिअरबॉक्सच्या आत लहान लहान क्लचप्लेटांचे संच आणि पट्टे असतात आणि तेलाच्या दाबाने ते पकड घेतात. म्हणजे तेल हेच या गिअरबॉक्सचं रक्त, तेच त्याचं बळ आणि तेच त्याला थंड ठेवणारं पाणी. एवढं कळल्यावर मला धीर आला. रक्त तपासलं की निम्मा आजार कळतो. आणि आजार कळल्याशिवाय डोंगरावर जायचं नाही, हे मी भाईंना आधीच सांगून टाकलं.

आवारातली तपासणी

शुक्रवारी फजरनंतर आम्ही दोघे खाली उतरलो. जुम्म्याला वेळ होता आणि ऊनही चढलं नव्हतं. रात्रीच मी गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला होता. सकाळी त्यावर लाल-तपकिरी तेलाचे दोन थेंब सापडले. गळती होती, पण किरकोळ.

मग इंजिन चालू करून, ब्रेकवर पाय घट्ट ठेवून भाईंनी दांडा न्यूट्रलवरून 'डी'वर आणला. मी मोजत होतो. एक, दोन, अडीच, धप्. नंतर रिव्हर्स. तिथेही तेवढंच. तेल गरम झाल्यावर चांगला गिअरबॉक्स सव्वा-दीड सेकंदाच्या आत ओढ घेतो. गार असताना थोडी सूट द्यावी लागते. उशीर फक्त रिव्हर्सला असता तर आतल्या एखाद्या ठरावीक संचावर संशय गेला असता. दोन्हीकडे सारखाच उशीर म्हणजे बहुतेक तेलच कमी, नाहीतर दाब कमी, नाहीतर रबरी सील वयाने कडक झालेली.

तेल बघायची रीत इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे, आणि इथेच पुष्कळ लोक चुकतात. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून तेल गरम करायचं. सपाट जागी उभी करायची. ब्रेक दाबून दांडा सगळ्या खुणांवरून एकदा फिरवून 'पी'वर आणायचा आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढायची. काही गाड्यांत न्यूट्रलवर बघावं लागतं आणि नव्या पुष्कळ गाड्यांत तर डिपस्टिकच नसते. म्हणून गाडीचं पुस्तक आधी वाचावं. भाईंच्या गाडीत तेल गरम खुणेच्या बोटभर खाली होतं.

भाभींनी वरून पांढरे टिश्यू पाठवले होते. डिपस्टिकवरचा थेंब मी टिश्यूवर टेकवला. नवं तेल लालभडक आणि पारदर्शक असतं. हे चहासारखं तपकिरी झालं होतं. पण काळं नव्हतं. दुधाळ गुलाबी असतं तर रेडिएटरचं पाणी आत शिरलं असं समजलो असतो आणि तिथेच हात जोडले असते. मग मी वास घेतला. जळकट वास आला असता तर आतल्या क्लचप्लेटा करपल्या असं मानावं लागलं असतं. वास जुना होता, जळका नव्हता. दोन बोटांत तेल चोळून उन्हात धरलं. चमकणारे धातूचे कण दिसले नाहीत.

भाईंना मी म्हणालो, "आजारी आहे, पण मेलेली नाही."

राहिला तो 'धप्' आवाज. गॅरेजवाल्याने तोही गिअरबॉक्सच्याच खात्यात टाकला होता. गाडी जॅकवर घेऊन खाली घोड्या लावल्या, चाकांना दगड लावले आणि मी माझ्या हक्काच्या जागी, म्हणजे गाडीखाली, गेलो. इंजिन-गिअरबॉक्सच्या माउंटिंगचं रबर तडकलेलं नव्हतं. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस घट्ट होते. पण शाफ्टचा जो भाग मागेपुढे सरकतो, तिथली स्प्लाइन कोरडी ठणठणीत होती. ग्रीसच्या निपलवर धुळीचा पापुद्रा जमला होता. समोरच्या दुकानातून ग्रीस गन आणली, चार दाब दिले. पुन्हा 'डी' टाकला. उशीर होताच, पण धप् गेला. दीड रियालच्या ग्रीसने सहाशे रियालच्या आजारातला निम्मा आवाज बंद केला.

रस्त्यावरची तपासणी

जुम्म्याच्या नमाजनंतर रस्ते रिकामे असतात. आम्ही मोठ्या रस्त्यावर गेलो. गाडी भाई चालवत होते, माझी नजर आरपीएमच्या काट्यावर. गिअर बदलताना काटा वर उसळला आणि वेग मात्र वाढला नाही, तर आतला क्लच घसरतोय असं समजावं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक बदलाला काटा शिस्तीत खाली आला. घसरण नव्हती.

७० ला थरथर आली. बारीक दगडांच्या पट्ट्यावरून गाडी गेल्यासारखी. हे इंजिनाचं चुकणंही असू शकतं. दोन्हींची थरथर सारखीच लागते. ओळखायची युक्ती सोपी आहे. मागे कुणी नाही हे बघून, उजवा पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, दिवा लागण्यापुरता. एका वेगानंतर कन्व्हर्टरमधले दोन्ही पंखे एकमेकांना कुलूप लावून एकत्र फिरतात, म्हणजे तेल कमी तापतं आणि पेट्रोल वाचतं. ब्रेकला स्पर्श झाला की ते कुलूप सुटतं. कुलूप सुटताच थरथर थांबली, तर दोष कुलपाच्या क्लचमध्ये किंवा तेलात. तसंच राहिलं तर प्लग-कॉइलकडे बघावं. भाईंनी स्पर्श केला. काटा दोन-तीनशेने वर गेला आणि थरथर तिथेच विरली. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

शेजारच्या मुलाकडून कोड वाचायचं छोटं यंत्र आणून लावलं. एकही कोड निघाला नाही. कोड नाही म्हणजे दोष नाही, असं मात्र नसतं. वायरी आणि सेन्सर ठीक आहेत, इतकंच त्यातून कळतं.

एक चाचणी आम्ही मुद्दाम केली नाही. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही दाबून इंजिन किती फिरतं ते बघण्याची. गॅरेजात जाणकार ती काही सेकंदांत उरकतात. घरी केली तर तेल क्षणात उकळतं, आणि जुना गिअरबॉक्स तपासता तपासताच मरतो. शिवाय पाय सटकला तर गाडी समोरच्या भिंतीत. वाचकांनीही ती करू नये.

त्या आठवड्यात आम्ही तेल बदललं. यंत्राने दाब देऊन सगळं तेल एकदम धुऊन काढायचा सल्ला एकाने दिला होता, पण इतक्या चाललेल्या आणि पूर्वी दुर्लक्ष झालेल्या गाडीला ते मानवेलच असं नसतं. आम्ही चेंबर खोलला, जाळी धुतली, पुस्तकात लिहिलेल्या जातीचंच तेल भरलं. चेंबरमधून चारएक लिटर उतरतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून तीन दिवस गाडी चालवून पुन्हा एकदा तेवढंच काढलं आणि भरलं. चेंबरच्या चुंबकावर राखाडी मलमासारखा गाळ होता. तो वयाचा असतो. धातूचे तुकडे, किस नव्हते. सकाळचा उशीर अडीचवरून दीडच्या आसपास आला. थरथर जवळजवळ गेली.

चढ आणि उतार

तरीही माझ्या मनातली मोठी शंका चढाची नव्हती, उताराची होती.

कुंभार्ली घाटातले आमचे जुने ड्रायव्हर नव्या पोरांना पहिला धडा देत: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक हे थांबण्यासाठी, वेग धरून ठेवायला इंजिन. ऑटोमॅटिकलाही हाच नियम, पण त्यात एक मेख आहे. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये चढताना ओढ देणारा भाग वेगळा आणि उतरताना '२' किंवा 'एल'वर इंजिनाने गाडी धरून ठेवणारा पट्टा वेगळा असतो. चढताना हा पट्टा कामावर नसतो. म्हणजे गाडी डोंगर झकास चढेल आणि उतरताना मात्र हात सोडून देईल, असंही होऊ शकतं. चढली म्हणून उतरेल, हा भरवसा धरू नये.

म्हणून शनिवारी सकाळी निघालो तेव्हा ठरलं होतं, की वाटेत उतार तपासायचा. पास झाली तरच वर.

मस्कतहून निझव्याचा रस्ता साधारण १६० किलोमीटरचा. फंजा, बिदबिद मागे टाकून तो समाइलच्या खिंडीतून हजर पर्वतात शिरतो. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मध्येच वादीच्या कोरड्या पात्राकडेला खजुरांची हिरवी रेघ आणि त्या रेघेत लपलेलं गाव. पाणी जिथे, तिथेच माणूस, हे इथे नकाशा न बघता कळतं. एका लांब, सरळ उतारावर भाईंनी वेग ४० वर आणून दांडा '२'वर ओढला. पाय दोन्ही पेडलांवरून काढले. काटा वर चढला, इंजिन गुरगुरलं, गाडीने स्वतःला आवरून धरलं. पट्टा घसरत असता तर काटा खाली पडला असता आणि वेग वाढत गेला असता. 'एल'वरही वेग आणखी कमी करून पाहिलं. पकड होती. भाभी मागून म्हणाल्या, "आता तरी दोघांच्या कपाळावरच्या आठ्या काढा."

निझव्याच्या थोडं अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला, बिरकत अल मौझ हे गाव लागतं. मौझ म्हणजे केळी. उघड्या कातळाखाली केळीची बाग आणि तिच्या वर मातीच्या पडक्या घरांचं जुनं गाव. इथला फलज अल खतमैन हा ओमानच्या ज्या पाच फलजांना २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, त्यांपैकी एक. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी नुसत्या उताराने वाहत गावात आणणारा पाट. या पाटाचं पाणी गावाजवळ तीन सारख्या वाट्यांत विभागलेलं आहे. कुणाच्या बागेला थोडं जास्त नाही, कुणाला थोडं कमी नाही. पाटाच्या कडेला बसून भाकरी-ऑम्लेट खाल्लं आणि गरम तेलाची पातळी पुन्हा पाहिली. खुणेवर होती.

पुढे पोलिसांची चौकी. फोर-व्हील ड्राइव्ह नसेल तर इथूनच परत. चौकीनंतर डांबरी, रुंद, पण छातीवर येणारा चढ. जागोजागी बाजूला वर चढणाऱ्या खडीच्या वाटा काढून ठेवल्या आहेत. उतरताना ब्रेक गेलेली गाडी त्यात घालून थांबवायची. त्या बघितल्या की माणूस आपोआप अल्लाहचं नाव घेतो.

असल्या चढावर कन्व्हर्टरचं कुलूप लागत नाही, तेल तापत राहतं. म्हणून अर्ध्या वाटेत आम्ही रुंद जागी थांबलो. इंजिन बंद केलं नाही. 'पी'वर चालू ठेवलं, कारण इंजिन फिरतं तोवरच पंप तेलाला कूलरमधून फिरवतो. तापलेली गाडी लगेच बंद केली की उकळतं तेल जागच्या जागी राहतं. दहा मिनिटं खाली बघत उभे राहिलो. आलो तो रस्ता दोऱ्यासारखा दिसत होता.

वर सैकचं पठार साधारण २,००० मीटर उंचीवर आहे. गाडीची काच खाली केली आणि मस्कतची उष्णता कुठे गेली कळेना. पठाराच्या कडेवरून दरीत उतरलेली अल ऐन, अल अकर ही गावं आणि त्यांच्याखाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं. डाळिंब, अक्रोड, जर्दाळू आणि या दिवसांत गुलाब. फिकट गुलाबी, लहान, पण वास असा की बांधावर पाय ठेवण्याआधीच तो समोर येतो. फुलं पहाटे तोडतात, ऊन चढण्याआधी. एका घरात मातीच्या भट्टीवर गुलाबजल काढण्याचं काम चालू होतं. आपल्याकडच्या बाटलीतल्या गुलाबजलासारखं ते पांढरं नसतं. किंचित तांबूस आणि धुराच्या वासाचं असतं. घरमालकाने आम्हाला कहवा आणि खजूर दिले. भाईंनी त्यांच्याशी अरबीत बराच वेळ गप्पा मारल्या. ३१ वर्षांत शिकलेली भाषा ते बहुधा शेवटचीच इतकी मोकळी बोलत होते. जुहर आणि असर तिथल्या मशिदीत पढून आम्ही निघालो.

उतरताना दांडा '२'वर, तीव्र वळणाला 'एल'वर. ब्रेक लागला तो नावापुरता. वाटेत एका कडेला नवीकोरी गाडी उभी होती आणि करपलेल्या ब्रेकचा वास रस्ताभर पसरला होता. आत आपल्याकडचंच एक कुटुंब, मुलं घाबरलेली. चालक हातात पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाला होता. मी ओरडून थांबवलं. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं तर ती वाकते, तडकतेही. विचारलं तर म्हणाला, "अंकल, ऑटोमॅटिक आहे, 'डी'वरच उतरत होतो." अर्धा तास थांबायला सांगितलं, ब्रेकचं पेडल नरम पडलं नाही ना ते बघून घेतलं, मग त्यांना '२'वर आमच्या मागे हळूहळू खाली आणलं. नव्या गाडीचा घाट जुन्या गाडीने उतरवून दिला.

सौदा

रात्री जेवताना मी खुशीत होतो. म्हणालो, "भाई, काम फत्ते. तेल नवं आहे, आता काही महिने तरी थरथर कुणाला कळायची नाही."

मी हे माझ्या कामाचं कौतुक म्हणून बोललो होतो. भाईंचा घास हातातच राहिला.

"म्हणजे आहे ती?"

"कुलपाचा क्लच झिजलाय. नव्या तेलाने झाकला गेलाय. वर्ष चालेल, दोन वर्षंही चालेल. पण आहे."

ते काही बोलले नाहीत. भाभींनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. गावच्या घराच्या कामाचा हिशेब आम्हा तिघांनाही तोंडपाठ होता. बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वर कोरडं आणि आत ओलं. ऐकताना ती नेहमी दुसऱ्या कुणा व्यापाऱ्याची वाटते. त्या रात्री ती आमच्या दस्तरखानावर येऊन बसली होती, आणि ढिगाचा वरचा थर माझ्याच हाताने लावलेला होता.

दुसऱ्या दिवशी इशानंतर तो तरुण आला. भाईंनी त्याला चावी दिली. "आज तू चालव. मी शेजारी बसतो." मी मागे बसलो. गाडी गरम झाल्यावर ते त्याला म्हणाले, "७० वर ठेव. पाय हलवू नकोस. हात स्टिअरिंगवर हलका ठेव. आता?"

"काही नाही, चाचा. छान चालते."

"परत कर."

तिसऱ्या खेपेला त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. "थोडंसं... हललं का?"

"हो. तेच दाखवायचं होतं. हा ऐब आहे. आज थोडा आहे, पुढे वाढेल."

मग मी तयार केलेला कागद त्याच्या हातात दिला. सकाळी ओढ घ्यायला दीड सेकंद लागतो. तेलाची गळती आहे, दर पंधरवड्याला गरम तेल बघ. तेल अमुक दिवशी दोनदा बदललं, जात ही. कन्व्हर्टरचा क्लच झिजलेला आहे. प्रोपेलर शाफ्टला दर महिन्याला ग्रीस. घसरण नाही, उताराची पकड चांगली आहे. चांगलंही लिहिलं होतं, कारण तेही खरं होतं.

भाईंनी ३०० रियाल कमी करायची तयारी दाखवली. पोरगा बराच वेळ कागद वाचत राहिला. मला वाटलं, आता सौदा मोडणार. तो म्हणाला, "घरी विचारून सांगतो," आणि निघून गेला. दोन दिवस त्याचा फोन आला नाही. त्या दोन दिवसांत भाई एकदाही त्याबद्दल बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तो बायको-मुलाला घेऊन आला आणि ११०० रियालला गाडी घेऊन मुल्किया नावावर करायला भाईंबरोबर गेला. गावच्या घराच्या मागच्या पडवीचं काम भाईंनी पुढच्या वर्षावर टाकलं.

आपल्या घरांतली कितीतरी माणसं आखातात आहेत. तिथे जुनी ऑटोमॅटिक गाडी घेणं आणि परत येताना ती कुणाला तरी देणं हा नेहमीचा व्यवहार. आता आपल्याकडेही अशा गाड्या वाढल्या आहेत. घरच्या घरी एवढं तरी बघता येतं: पुठ्ठ्यावरचे थेंब, गार गाडीला 'डी'वर लागणारे सेकंद, पांढऱ्या कागदावर तेलाचा रंग, त्याचा वास, ७० वरची थरथर आणि उतारावरची पकड. यातलं बरंचसं फुकट आहे. घेताना आपण ते सगळं तपासतो. विकतानाही तपासावं, आणि निघेल ते समोरच्याला सांगावं.

गावी मी गुलाबजलाची एक छोटी बाटली आणली. बायकोने झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "याला जळका वास का येतो? फसवलं तुम्हाला."

मी म्हटलं, "नाही. हा चुलीचा वास आहे. तिथलं असंच असतं. ज्याच्याकडून घेतलं, त्याने आधीच सांगितलं होतं."